माझ्या मनगटावरचं पांढरं

असल्या गोष्टींवर मी कधी विश्वास ठेवला नाही... आजही ठेवत नाही, हे आधीच सांगते. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मी कोडावर संशोधन करते — आपलीच प्रतिकारशक्ती त्वचेला रंग देणाऱ्या पेशी का मारते, हा माझा विषय. माहेर सौसरचं.

माझी मामेबहीण रेखा पांढुर्ण्यात दिलेली. लग्नानंतर तिच्या उजव्या मनगटावर कोड आलं, अंगठ्याकडे दोन फाटे फुटलेलं. सासूबाईंनी तिचं स्वयंपाकघर बंद केलं, ताट वेगळं केलं. मी भेटायला गेले तेव्हा मुद्दाम तिच्याच ताटात जेवायला बसले.

"नको बापा, लागते ते," सासूबाई म्हणाल्या.

"नाही लागत, काकू. मी रोज हेच काम करून राहिले."

काही दिवसांनी प्रयोगशाळेत हातमोजे काढताना दिसलं — माझ्या उजव्या मनगटावर पांढरा डाग. अंगठ्याकडे दोन फाटे. रेखाकडून फोटो मागवला, कॉम्प्युटरवर दोन्ही एकावर एक ठेवले... कड न् कड जुळली.

कोड स्पर्शाने पसरत नाही, यात शंकाच नाही. मग हे काय? सहकाऱ्याकडून डागाचा बारीक तुकडा काढून घेतला. रंगपेशी जागच्या जागी होत्या, रंगही भरपूर. सूज नाही, बुरशी नाही. म्हणजे ते कोड नव्हतंच. मायक्रोस्कोपखाली माझी त्वचा सावळी होती आणि डोळ्यांना पांढरी.

त्याच सुमारास रेखाच्या नणंदेचा साखरपुडा आला. आई म्हणाली, "लांब बाह्यांचं ब्लाउज घाल. लोक म्हणतीन, लागलं. मंग आपल्या रेखाचं काय होईन?"

भीती मलाही तीच होती. पण मनगट लपवून मी कुणाला काय समजावणार? आखूड बाह्यांचंच घालून गेले.

सासूबाईंनी सगळ्यांसमोर माझा हात धरला. "मी म्हणत होती नं?"

"डाग आहे, काकू. कशाचा ते मला माहीत नाही. पण तपासलाय, कोड नाही. आणि असतं, तरी रेखाला बाहेर ठेवायचं कारण नव्हतं."

रेखा उठली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि पुऱ्या लाटायला बसली. सासूबाई दारापर्यंत गेल्या, उभ्या राहिल्या, अन् परत येऊन पाहुण्यांत बसल्या. त्या दिवसापासून तिला कुणी अडवलं नाही.

माझा डाग काही महिन्यांत, संत्र्याचा बहर उतरायच्या आत गेला, खूणही राहिली नाही. रेखाचा आहे, औषध चालू आहे.

नात्यातले म्हणतात, देवीनं परीक्षा घेतली. काही म्हणतात, शेवटी लागलंच. मी दोघांनाही तेच सांगते — का झालं, ते मला माहीत नाही. सहकाऱ्यालाही नाही. पण मला माहीत नाही म्हणून तुम्हाला माहीत आहे, असं होत नाही.