समोरच्या बाईंचं गाव

आखातात, एगैलाच्या वस्तीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक जर्मन बाई राहायच्या. साठीच्या आसपास वय, नवरा तेलाच्या कामात, दोन्ही मुलगे मोठे होऊन दूर गेलेले. एका सकाळी त्या जिन्यात पाय घसरून पडल्या. मीच त्यांना गाडीत घालून जाब्रियाच्या हॉस्पिटलात नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आणलं, तर त्यांना काळजी पडली पावाची. विकतचा पाव त्यांच्या घशाखाली उतरत नसे. दर शुक्रवारी त्या घरीच भाजायच्या. मी म्हटलं, माझी मुलगी येईल पीठ मळायला. मुलगी तेव्हा आठवीत होती. तिला तिकडे मीच पाठवलं, हे नंतर मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलं.

आमच्या घरी तिनं कधी कणकेला हात लावला नव्हता. नखांत अडकते म्हणायची. समोरून आली ती कोपरापर्यंत पीठ माखून, आणि जेवताना बोलायलाच लागली. एरवी मी मराठीत विचारावं आणि तिनं इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यावं, अशी आमची रीत. त्या दिवशी थांबेना. आँटीच्या गावात म्हणे सगळ्या गावाची मिळून एक भट्टी होती. आधी कोणी पेटवायची यासाठी चिठ्ठ्या टाकायचे, कारण थंड भट्टी तापवायला ज्याचा पहिला नंबर त्याचीच लाकडं जास्त जळायची. तिथं माणसांना आडनावानं कोणी ओळखत नाही, घराच्या नावानं ओळखतात. एका घराला पिंपवाल्यांचं म्हणतात, आणि त्या घरात कित्येक पिढ्यांत कोणी पिंप बनवलेलं नाही. जुन्या कुठल्या लढाईत सैनिकांनी गाव जाळलं, तेव्हा लोक गुरं घेऊन रानात लपले होते. माझा नवरा घास हातात धरून ऐकत होता. माझ्या माहेरच्या गोष्टी ऐकताना तो टीव्हीचा आवाज कमी करतो, एवढंच.

प्लास्टर निघालं तरी मुलीचे शुक्रवार सुटले नाहीत. दार उघडं असलं की समोरून दोघींचं हसणं ऐकू यायचं. मी भांडी जरा आपटतच घासायची.

एका शुक्रवारी मी तिला जाऊ दिलं नाही. भारतातून आणलेलं नागलीचं पीठ काढलं, भाकऱ्या केल्या आणि आमच्या गावचं सांगायला बसले. माझं गाव नाशिकच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथं उन्हाळ्यात बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे लाकडी मुखवटे चढवून गावचेच लोक सोंगं नाचवतात. मुलीनं तो कधी पाहिला नव्हता, कारण इथल्या शाळेच्या सुट्ट्या नेमक्या पावसाळ्यात येतात. मी रंगात येऊन सांगत होते. ती नीट ऐकत होती, हे मला कबूल करावं लागेल. मग तिनं विचारलं, मुखवटे कोण करतं? किती जुने आहेत? अमुक सोंग अमुक घरानंच घ्यायचं, हे कोणी ठरवलं?

मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"आई, तुला माहीत नाही?" ती म्हणाली. मराठीत म्हणाली. टोमणा नव्हता त्यात, नुसतं आश्चर्य होतं. मी तिला भाकरी गार होतेय म्हणून ओरडले.

पुढच्या महिन्यात शाळेत प्रदर्शन होतं. विषय होता, एक गाव. मुलीनं पुठ्ठ्याचं गाव केलं. उतरत्या छपरांची घरं, चर्च, आग विझवायला पाणी राखलेलं तळं, मधोमध भट्टी. आमच्याच जेवणाच्या टेबलावर ते गाव पाच-सहा दिवस पसरलं होतं, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

शेवटी मी समोरची बेल वाजवली. मनात पुष्कळ जुळवून गेले होते. बाईंनी कॉफी केली. मी म्हटलं, माझ्या मुलीला तुमचं गाव पाठ झालंय, तिच्या आईचं नाही.

त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "ते गाव आमचं कधीच नव्हतं."

त्यांची आजी महायुद्धानंतर पूर्वेकडून निर्वासित होऊन आली होती. सरकारनं पिंपवाल्यांच्या घरात तिला एक खोली दिली. चूल त्यांच्याबरोबर एकच. आजी मरेपर्यंत गावात परकीच राहिली. त्यांच्या घराला नाव मिळालं नाही. लहानपणी बाई गावातल्या म्हाताऱ्यांच्या मागे लागून एकेक गोष्ट विचारून घ्यायच्या, म्हणजे तरी आपण इथले होऊ असं वाटून. त्यांच्या मुलग्यांना यातलं काही ऐकायचं नव्हतं.

"तुमची मुलगी पहिली, जिनं विचारलं," त्या म्हणाल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण परत आपल्या दारापर्यंत येताना मनात एकच होतं, की या बाईला गाव कोणी दिलं नाही तरी तिनं ते मिळवलं. मला जन्मतः मिळालं होतं आणि मी काही विचारलंच नाही. मत्सर आणखीच वाढला. त्या रविवारी मी गावी आत्याला फोन करून मुखवट्यांचं विचारलं. आत्या म्हणाली, आता कशाला चौकशी, पंचायतीचं काम आहे का काही?

मुलीच्या गावाला बक्षीस मिळालं नाही. नाईलकाठचं, पिरॅमिडशेजारचं गाव करणाऱ्या मुलाला मिळालं. मुलगी रडली ती समोर जाऊन.

वर्षभरानं बाईंच्या नवऱ्याचं काम संपलं आणि ती दोघं कायमची मायदेशी गेली, त्याच गावात. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मुलीचा फोन सोफ्यावर वाजला. मुलगी आत अभ्यासाला बसली होती. मी उचलला, व्हिडिओ कॉल होता. बाई टोपी घालून रस्त्यात उभ्या होत्या, मागे बर्फ. म्हणाल्या, तिला दाखवायला फोन केलाय, आहे का? मी म्हटलं, येईलच. त्यांनी फोन हळूहळू फिरवला. छपरं दिसली, चर्चची भिंत दिसली, कुणीतरी दारापुढचा बर्फ लोटत होतं आणि बाईंना पाहून त्यानं हात वर केला. त्यांनीही केला. मी स्क्रीन डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. मुलीला लगेच हाक मारली नाही.