शाईखालची पेन्सिल

परवा नवा चष्मा आला. मोतीबिंदू काढल्यानंतरचा. सोलापुरातल्या आमच्या गॅलरीत बसून मी सगळ्यात आधी चौऱ्याहत्तर सालची डायरी उघडली... कारण त्याहून वाचायला अवघड असं घरात दुसरं काही नाही.

त्या डायरीत प्रत्येक पानावर दोनदा लिहिलंय. खाली पेन्सिलीने चौऱ्याहत्तर साल आणि त्याच ओळींवर शाईने पंच्याहत्तर. शाई वाचता यायची. पेन्सिल गेली कित्येक वर्षं दिसतच नव्हती.

तेव्हा मी शहराच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. अरबांनी तेल महाग केलं आणि आमच्याकडे रॉकेल, साखर, डालडा एकेक करून दिसेनासं झालं. रॉकेल वाचवायला घरोघर एकदाच चूल पेटवून आठवडाभराच्या कडक भाकऱ्या करून ठेवायचे. सोलापूरकरांना त्याचं काही वाटलं नाही, ती सवय होतीच. पण जूनमध्ये दुकानातून वह्याच गायब झाल्या... ते मात्र नवीन होतं.

आमच्या चित्रकलेच्या बाई म्हणायच्या, "त्यांचं तेल आपण कधी डोक्याला तरी लावलं होतं का हो? मग आपल्या वह्या का गेल्या?"

माझा एक नियम होता. गृहपाठ शाईनेच. पेन्सिलीने लिहिलेली वही मी तपासत नसे, काट मारून परत देत असे.

आठवीतली पद्मा दर वेळी पेन्सिलीने लिहून आणायची. तेलुगू घरातली मुलगी, वडील मागावर, आई विड्या वळणारी. अक्षर मोत्यासारखं, पण इतकं फिकट की वही उजेडाला धरावी लागे. तीनदा बजावलं. चौथ्यांदा वर्गात उभं केलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पेन नसेल तर शाळेत कशाला येतेस?"

ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. ऑक्टोबरचं ऊन होतं. एका खोलीचं घर, कोपऱ्यातला माग बंद. सूत मिळत नव्हतं, म्हणून वडील काम शोधायला बाहेर गेलेले. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती आणि शेजारी दुसरं सूप घेऊन... पद्मा. चार दिवसांत तिचा हात बसलासुद्धा होता. अजून आठवडाभर गेला असता तर ते सूप तिच्या मांडीवरून उतरलं नसतं, हे मला तिथेच कळलं.

"बसा बाई. चहा करते, पण साखर न्हाय," आई म्हणाली.

मी वहीचा विषय काढला. ती हसली. "शाईनं लिवलं की पान मरतंय की, बाई. पेन्सिलीनं लिवलं तर अजून एकदा जगतंय."

मला कळेना. तिने पद्माला भूगोलाची वही आणायला सांगितलं. त्या वहीत खाली पेन्सिलीने गेल्या वर्षीचा गृहपाठ होता, आणि त्यावर शाईने यंदाचा. भूगोलाच्या सरांना शाई दिसत होती, म्हणून ते काही बोलले नव्हते. मराठीची वही नवी होती. तिच्यावर शाईची पाळी दिवाळीनंतर यायची होती, आणि तेवढ्याने दोन्ही सहामाह्या निघणार होत्या. घरात पेन होतं... पान नव्हतं.

मी तिथेच पद्माची मराठीची वही मागितली. तांबडी पेन्सिल काढली आणि हात थांबला. तांबड्या खुणेनेही पान मेलंच असतं. पद्माचीच पेन्सिल घेऊन बारीक बारीक खुणा केल्या.

"तुमी पण पेन्सिलीनंच काय, बाई?" आईने विडीवरची नजर न काढता विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. पद्मा तोंड लपवून हसली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली.

माझी स्वतःची डायरी मी पेन्सिलीनेच लिहायचे; पुढच्या वर्षी नवी न घेता त्याच पानांवर शाईने लिहिलं. पद्मा पुढे मॅट्रिक झाली, बालवाडीत शिकवायला लागली. पुष्कळ वर्षांनी बाजारात भेटली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "बाई, तुमी आपणहून घरी आलात, म्हणून मी शिकले." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. ही गोष्ट मीही आजवर अशीच सांगत आले.

परवा नव्या चष्म्यातून, पद्माच्या घरी गेले त्या दिवसाची पेन्सिल दिसली. वर शाईत आहे, 'तूरडाळ मिळाली. रांगेत दोन तास.' आणि खाली, फिकट... 'पटसंख्या कमी दिसते म्हणून हेडबाईंनी पद्माकडे पाठवलं. ऊन फार. अर्धा दिवस फुकट जाणार.'

मी आपणहून गेलेच नव्हते. मला पाठवलं होतं, आणि जाताना मी कुरकुरत होते. बाजारात पद्मा बोलली तेव्हा हे मला खरंच आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं? आता सांगता येत नाही.

पद्मा, ही पोस्ट तुझ्यापर्यंत पोचली तर एवढं वाच. मी आपणहून आले नव्हते ग. पण तुझ्या वहीवर पेन्सिलीने खुणा करायला मला कुणी पाठवलं नव्हतं, तेवढं मी आपणहून केलं, तुझ्या आईमुळे. आणि डायरीतलं ते पान तिच्यामुळेच अजून जिवंत आहे... माझी चूक वाचता येईल इतकं.