परळच्या खोलीतला दुसरा टेक
कॅमेऱ्याने मध्ये न पडता केवळ पाहत राहायचे ठरवले, तर माहितीपट खरा होतो का, हा माझा प्रश्न आहे. परवा दादरच्या सभागृहात वक्त्याच्या कॉलरवरचा छोटा माईक पाहिला आणि आमची परळच्या चाळीतली खोली आठवली. पुनर्विकासासाठी आम्ही ती सोडत होतो. चित्रीकरणाला आलेली दिग्दर्शिका बाबांच्या कॉलरला तसाच माईक लावून म्हणाली, "काका, आम्ही नाहीच असं समजा." दिवंगत आईची तसबीर आधीच टेम्पोत गेली होती. जन्मभर कामावर निघताना तिला "येतो गं" म्हणणारे बाबा रिकाम्या खिळ्याकडे पाहून म्हणाले, "जातो गं." नेमकी त्याच क्षणी शेजारच्या कुकरची शिटी झाली. "काका, आवाज गेला. तेच परत म्हणाल?" "ते दोनदा नाही म्हणवत, पोरी." तरीही तिचा हिरमोड नको म्हणून ते पुन्हा उंबऱ्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "येतो गं." माहितीपटात तेवढेच आहे, आणि प्रेक्षकांना त्यात आशा दिसते. आता बाबाही नाहीत. त्यांचा आवाज माझ्याजवळ तेवढाच उरला आहे. तो ऐकताना मी दर वेळी शिटीत बुडालेले शब्द शोधतो. असा माहितीपट पाहाल, तेव्हा शक्य झाल्यास त्यातल्या माणसांना भेटा आणि कॅमेऱ्यासाठी काय पुन्हा करावे लागले, हे कृपया स्वतः विचारून पाहा.