न्हावी म्हणाला, सोडा

आमच्या यांचे केस विरळ होत चाललेत, हे मला कधीचंच दिसत होतं. पण कारखान्यातले लोक ‘चांदोबा’ म्हणू लागले, तेव्हा कुठे यांना टोचलं. लेथवर वाकून काम करायचं म्हटल्यावर टाळूच दिसणार ना सगळ्यांना!

पाच महिन्यांपूर्वी न्हाव्याच्या दुकानाबाहेर नंबर लावून उभे होते. एका हातात सिगारेट, दुसऱ्यात गोड सोड्याची बाटली. यांनी विचारलं, “केस कशाने जातात रे?” तो आतूनच ओरडला, “सोडा, साहेब, सोडा!” यांनी तिथल्या तिथे सिगारेट विझवली. बारा वर्षं मी देवापुढे पदर पसरून जे मागत होते, ते न्हाव्याच्या एका शब्दाने झालं.

केस मात्र गळतातच आहेत. काल कंगवा माझ्यापुढे धरून म्हणाले, “हे बघ. जायचे ते जातातच, मग सिगारेटने काय घोडं मारलंय? रविवारी सुरू करतो.”

म्हणून आज सकाळी न्हाव्याला गाठलं. “भाऊ, यांना जरा दम भरा.”

तो हसायलाच लागला. “वहिनी, सिगारेटचं मी कुठं म्हणालो? बाटलीतला सोडा म्हणालो! गोड पेयांनी केस जातात, असं ऐकलं होतं.”

माझं डोकंच चालेना. तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “मुख्य कारण आनुवंशिक. सिगारेट, गोड पेयं, अपुरी झोप यांनी भर पडत असावी. खात्रीने नाही सांगता येत. पण सोडलीय ना सिगारेट? छातीसाठी तरी पुन्हा नको.”

मग न्हावी खरा, यांचा गैरसमज खरा, की तुळतुळीत टकलाचे मामंजी खरे?

सांगावं तर रविवारी घरात धूर. लपवावं तर देवापुढे हात कसे जोडू? जेवताना सांगून टाकलं.

घास हातातच राहिला. “म्हणजे मी चुकीचा सोडा सोडला?”

“चुकीचा कसा, अहो? जिना चढताना आता मध्येच थांबत नाही तुम्ही.”

“केसांचं सांग.”

“केसांचं मला काही कळत नाही.”

हातातला घास संपवला. मग म्हणाले, “पुढच्या रविवारी बघू.”

रविवार आठवडाभर पुढे गेला. हा होकार की नकार, देवच जाणे. मी तेवढी ओट्यावरची काडेपेटी देवघरात नेऊन ठेवली. तिथली वस्तू हे विचारल्याशिवाय उचलत नाहीत.