दाराचा नियम

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मेव्हण्यानं अमेरिकेहून राक्षस-योद्ध्यांच्या एका खेळाच्या नियमपुस्तकाच्या दोन आवृत्त्या पाठवल्या. जुनी म्हणजे एक पातळ पुस्तिका, नवी म्हणजे तीन जाडजूड ग्रंथ. पुस्तिकेत लिहिलं होतं, अडलं तर आपसात ठरवा.

"आपसात?" ते खवळले. "या सोसायटीत आपसात काय ठरलंय आजवर?"

म्हणून नवी. तिच्यात फासा टाकल्याशिवाय योद्ध्याला शिंकायचीही सोय नाही. रविवारी सेक्रेटरींच्या घरी खेळताना माझ्या योद्ध्याला एक दार उघडायचं होतं. सेक्रेटरी तासभर तिन्ही ग्रंथांत त्याचा नियम शोधत बसले. तेवढ्यात बाजारातून आलेल्या वहिनींनी बेल वाजवली.

"थांब गं, दाराचंच बघतोय!"

बेल पुन्हा वाजली. शेवटी मीच उठून दार उघडलं.

सेक्रेटरींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "फासा न टाकता?"