सीमा कडेला टेकली की

आमचे हे शिंपी. गिऱ्हाइकाशी एका कॉलरवर तासभर बोलतील, पण पोटच्या पोरीला आपणहून फोन करतील तर शपथ! "काम नसताना कशाला तिला त्रास?" एवढंच तुणतुणं.

लेक पदार्थविज्ञान शिकलेली. नोकरीसाठी दूर गेली तेव्हा जुना संगणक शिलाईच्या खोलीत चालूच ठेवून गेली. पडद्यावर नुसते ठिपके. डावीकडे सगळे निळे, शहाण्यासारखे. उजवीकडे रंगांचा सावळागोंधळ. "बाबा, हे ठिपके म्हणजे कण समजा," ती म्हणाली. "ही मधली सीमा. मी दिलेलं तापमान कमी पडलं तर शिस्त पसरत जाईल, जास्त झालं तर गोंधळ. नेमकं असेल तर सीमा मधेच डुलत राहील. कडेला टेकलीच, तर मला लगेच फोन करा."

झालं! यांना काम मिळालं. रोज सकाळी टेप काचेला लावून माप घ्यायचं आणि चौकटीवर खडूची खूण करायची. एकदा सीमा कडेपासून दोन बोटांवर आली. यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. संध्याकाळी ती मेली सीमा माघारी फिरली. "पोरीनं तापमान अगदी अचूक धरलंय बघ," असं मला कौतुकानं सांगितलं, आणि न जेवता उठले. माझा जीव तीळतीळ तुटला.

असं वर्ष उलटलं. परवा लेकीशी फोनवर बोलताना मी सहज म्हणाले, "तुझे ठिपके अजून नाचताहेत गं."

"अगं आई, ते अजून चालू आहे? ते उत्तर मला इथल्या मोठ्या यंत्रावर केव्हाच मिळालं. बाबांना म्हणावं, बंद करून टाका."

मी खोलीत डोकावले. हे टेप घेऊन पडद्यापुढे वाकले होते. फोन तसाच कानाला ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, सीमा कुठवर आली, विचारतेय!" आणि फोन त्यांच्या हातात कोंबला.

"मधेच आहे गं," हे कसंबसं म्हणाले. "टेकली नाही अजून. म्हणून तर... फोन नाही केला."

शेजारीच उभी असल्यानं मलाही पलीकडचं ऐकू येत होतं. ती म्हणाली, "बाबा, आता कडेची वाट नका बघू. जिथं असेल तिथलं माप रोज मला फोन करून सांगा."

"बघतो," हे खडू शोधत म्हणाले. "वेळ मिळाला तर."