करपलेली पानं

शिंप्याच्या बायकोने परसात लावलेली केळ एका रात्रीत काळी पडली, कारण दव पानांवरच गोठलं. शिंपी टापटिपीचा भलता भोक्ता. लोंबता दोरा दिसला की कात्री लागलीच हातात. करपलेली पानं त्याने देठापासून छाटली.

पुढच्या रात्रीही दव गोठलं. काही दिवसांनी त्याच्या बहिणीने केळीचा पोंगा, मधला गुंडाळलेला कोंब, दाबून पाहिला, तर आत कुजून सगळा चिखल.

"अरे, मेलेली का होईनात, ती पानंच कोंबावरचं पांघरूण होती. थंडी सरेपर्यंत तरी कळ काढायचीस."

शिंपी घरात गेला आणि त्याने बायकोचं कपाट उघडलं. ती वारली त्याच आठवड्यात त्याने तेही आवरलं होतं. आत एक रुमालसुद्धा उरला नव्हता.